हुकूम मोडणारी बडी

पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबुर्गला १९१६ मध्ये वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. पुढे अशाच जर्मन शाळेवर डोरोथी युस्टिस यांनी लिहिलेला लेख अमेरिकेतल्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला वाचून दाखवला गेला. तो थेट स्वित्झर्लंडला, त्यांच्याकडे शिकायला गेला. जोडीला मिळाली बडी, जर्मन शेफर्ड.

१९२८, न्यूयॉर्क. भरधाव गाड्यांचा वेस्ट स्ट्रीट, बघायला पत्रकार. बडीने त्याला सुखरूप पलीकडे नेलं! फ्रँकने युस्टिसबाईंना तार केली, एकाच शब्दाची: यशस्वी.

मला यातलं सगळ्यात भारी काय वाटतं सांगू? मालक ‘चल’ म्हणाला, पण गाडी येतेय, तर अशा कुत्र्याने हलायचं नाही. हुकूम पाळणं सोपं. तो कधी मोडायचा, हेच खरं शिक्षण.