डॉ. कोटणीस, ७२ तास आणि परतलेले चौघे

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव निघाले की एक आकडा हमखास सांगितला जातो : ७२ तास. १९४० साली उत्तर चीनमधील एका दीर्घ लढाईत त्यांनी सलग तीन दिवस व तीन रात्री न झोपता जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. आजवर हा आकडा शौर्याचे माप म्हणून वाचला गेला. परंतु वैद्यकाच्या इतिहासात तो आणखी एका गोष्टीचा पुरावा आहे : त्या आघाडीवर त्यांची जागा घेणारे हात पुरेसे नव्हते.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या पुढाकाराने निधी उभा राहिला आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. कोटणीसांचे वय तेव्हा अवघे २७ होते.

आघाडीवर औषधांची चणचण होती. शत्रू जवळ आला की रुग्णालयच उचलून दुसऱ्या गावी न्यावे लागे. त्यांच्या आधी तेथे कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून होते. शस्त्रक्रियेच्या वेळी बोट कापले, जखम चिघळली आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. त्यांच्याच नावाच्या रुग्णालयाची धुरा जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली. आधीचा माणूस जेथे कामातच संपला, अशी ती जागा होती.

थकव्यावर कोटणीसांनी काही उपाय केला का? स्वतःसाठी फारसा नाही. मात्र ते चिनी भाषा शिकले आणि त्याच भाषेत तरुणांना शल्यकर्म शिकवू लागले. एका शल्यविशारदाचा भार हलका करण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे दुसरा शल्यविशारद घडवणे. पण त्याला वर्षे लागतात आणि तेवढी वर्षे त्यांना मिळाली नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले. वय ३२, मुलगा चार महिन्यांचाही नव्हता. अपुरी झोप अपस्माराचे झटके वाढवू शकते, हे आज वैद्यकाला माहीत आहे. म्हणून त्या ७२ तासांनीच त्यांचा बळी घेतला, असे म्हणणे मात्र घाईचे ठरेल. मध्ये दोन वर्षे गेली होती.

उरलेले चौघे मायदेशी परतले. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकाचे शीर्षकच न परतलेल्या एकाबद्दल आहे आणि त्यावरून १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी चित्रपट काढला. चोळकरांचे नाव आज नागपुरात तरी किती जणांना आठवते? मर्यादा ओळखून, प्रकृती सांभाळून परत येणाऱ्या डॉक्टरवर कथा रचण्याची आपल्याकडे रीत नाही. हा अन्याय केवळ त्या चौघांपुरता नाही. डॉक्टरने कसे जगावे याचा समाजमान्य नमुना त्यातून घडतो.

डॉक्टरांच्या या झिजेला ‘बर्नआउट’ हे नाव बऱ्याच उशिरा, १९७४ मध्ये मिळाले. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी ते रूढ केले, आणि त्यांनी वर्णिलेली माणसे आळशी नव्हती, तर सर्वाधिक तळमळीची होती. भारतात निवासी डॉक्टरांसाठी १९९२ च्या निर्देशांत साधारण १२ तासांची सलग ड्युटी आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली गेली. तरीही सलग ३६ तासांच्या ड्युट्या महाराष्ट्रातल्या वॉर्डांत अजून सरलेल्या नाहीत.