छिन्न शुक्रवाहिनीचें पुनःसंधान

इतिहासविषयक त्रैमासिकांत शस्त्रवैद्यकाच्या प्रकरणास जागा कशी, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. परंतु ज्या क्रियेनें लक्षावधि घरांचा वंशविस्तार थांबला, आणि जी उलटविण्यासाठीं कांहीं जण पुन्हां शस्त्राखालीं गेले, तिचा विचार वंशावळी तपासणारांनीं करूं नये तर कोणीं करावा?

सुश्रुतानें अश्मरीच्या चिकित्सेंत शस्त्र चालवितांना जपावयाचीं आठ स्थानें सांगितलीं आहेत. त्यांत शुक्रवह स्रोतस् आहे. त्यास इजा झाली असतां मरण किंवा क्लैब्य येतें, असें त्याचें मत. नसबंदीनें क्लैब्य येत नाहीं, हें आतां निर्विवाद आहे. लोकांची भीति मात्र सुश्रुताच्याच बाजूची राहिली. (पंडितास जें ग्रंथांत सांपडतें, तें खेडुतास पुष्कळदां न वाचतांच ठाऊक असतें!)

बंद मार्ग मोकळा करण्याचा उद्योग विसाव्या शतकाच्या आरंभींचा. इ. स. १९०२ मध्यें फिलाडेल्फिया येथील एडवर्ड मार्टिन यांनीं रोगानें बुजलेल्या भागास वळसा देऊन शुक्रवाहिनी अधिवृषणास जोडली. हेतुपुरस्सर छेदलेल्या वाहिनीच्या जोडाविषयीं ओकॉनर यांचा निबंध अमेरिकेंत १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो तो मुंबईचे डॉ. जी. एम. फडके व डॉ. ए. जी. फडके यांचा १९६७ चा लेख. सूक्ष्मदर्शकाखालीं टांके घालण्याची पद्धति रूढ होण्यापूर्वींचें हें काम. त्यांच्या ७६ रुग्णांपैकीं शेंकडा ८३ जणांच्या रेतांत शुक्रजंतु पुन्हां दिसूं लागले; पत्नीस गर्भ राहिला तो शेंकडा ५५ जणांच्या. वाट मोकळी झाली म्हणजे पाळणा हललाच, असें नाहीं.

असा रुग्ण पुन्हां शस्त्रवैद्याकडे कां येई? कोणी पुनर्विवाह केला म्हणून, कोणाचीं मुलें गेलीं म्हणून. १९७१ सालीं या देशांत जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकीं १२९ वर्षाच्या आंत दगावत. दोनतीन मुलांवर थांबावयास ज्यास सांगितलें, त्याचीं तीं दोनतीन जगतील याची हमी सांगणारांजवळ नव्हती.

पुढें आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षांत सुमारें ८२ लक्ष नसबंद्या झाल्या. त्यांपैकीं ६२ लक्षांच्या आसपास पुरुषांच्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळानें तर १९७६ मध्यें सक्तीचें विधेयक संमतहि केलें. राष्ट्रपतींची अनुमति न मिळाल्यानें तें कायदा झालें नाहीं, हें आपलें भाग्य. शहा आयोगाच्या अहवालांत अविवाहितांच्या नसबंदीचीं ५४८ प्रकरणें व शस्त्रक्रियेशीं निगडित १,७७४ मृत्यु नमूद आहेत. या ५४८ पुरुषांस पुनःसंधान ही हौस नव्हे, एकमेव आशा होती.

ती आशा कालाधीन असे. वाहिनी बंद राहिली कीं मागें दाब वाढतो, अधिवृषणांतील अतिसूक्ष्म नलिका फुटून दुसराच अडथळा उभा राहतो. शिवाय शरीर स्वतःच्या शुक्रजंतूंविरुद्ध द्रव्यें निर्माण करूं लागतें. अमेरिकेंतील १,४६९ पुरुषांची पाहणी १९९१ मध्यें छापली गेली. छेदानंतर तीन वर्षांच्या आंत जोड दिला असतां गर्भधारणा शेंकडा ७६, तीन ते आठ वर्षांत ५३, नऊ ते चौदांत ४४, आणि पंधरा वा अधिक वर्षांनंतर ३०. हे आंकडे निष्णात हातांचे, सूक्ष्मदर्शकाखालचे, व पत्नीच्या वयाचा त्यांत मोठा वाटा. आपल्याकडील तालुक्याच्या गांवास ते जसेच्या तसे लावतां येणार नाहींत. तरी १९७६ च्या शिबिरांत धरून नेलेला अविवाहित तरुण पैसे जमवून १९९१ त मुंबईस पोंचला असेल, तर त्याच्या वांट्यास शेवटचाच आंकडा येतो.

जिल्ह्याजिल्ह्यांतील रुग्णालयांच्या त्या काळच्या शस्त्रक्रिया-नोंदवह्या ज्यांच्या पाहण्यांत असतील, त्यांनीं त्या रद्दींत जाण्यापूर्वीं, नांवें वगळून, पुनःसंधानाच्या नोंदी उतरून घ्याव्यात, अशी आमची विनंति आहे.