सर्व्हरच्या हुद्द्यांची कुळकथा

यंत्रांच्या जगात ‘मास्टर’ आणि ‘स्लेव्ह’ ही जोडी शिरली ती घड्याळांतून. केपटाऊनच्या वेधशाळेतले डेव्हिड गिल यांनी १९०४ साली आपल्या घड्याळाचं वर्णन केलं. लंबक जवळपास हवाबंद कपाटात, एकसारख्या तापमानात झुलणार. चक्रं फिरवण्याची हमाली दुसऱ्या यंत्राकडे. या दुसऱ्याला त्यांनी ‘स्लेव्ह’ म्हटलं. त्याच केपमधली गुलामगिरी कायद्याने बंद होऊन तेव्हा सत्तर वर्षं झाली होती.

घड्याळाला ते नाव एकवेळ शोभलं; डेटाबेसला कधीच नीट बसलं नाही. मायएसक्यूएलमध्ये मूळ सर्व्हर हुकूम सोडत नाही. दुसरा सर्व्हर स्वतः जोडणी करतो, बायनरी लॉगमधल्या नोंदी मागून घेतो आणि सवडीने आपल्याकडे लावतो, कधी मागेही पडतो. मूळ सर्व्हर कोसळला की यालाच बढती. मालक गेला की गादीवर गुलाम!

२००३ साली लॉस एंजेलिस काउंटीने पुरवठादारांना हे शब्द टाळायला सांगितलं, तेव्हा थट्टाच जास्त झाली. २०१४ मध्ये जँगो या वेब फ्रेमवर्कने आधी लीडर-फॉलोअर लावून पाहिलं, मग प्रायमरी-रेप्लिकावर मुक्काम केला. रेडिस या डेटाबेसच्या पाचव्या आवृत्तीत ‘स्लेव्हऑफ’च्या जोडीला ‘रेप्लिकाऑफ’ ही आज्ञा आली.

एकवाक्यता मात्र झाली नाही. पोस्टग्रेसमध्ये प्रायमरी-स्टँडबाय, मोंगोडीबीत प्रायमरी-सेकंडरी. मायएसक्यूएलने २०२० मध्ये सोर्स-रेप्लिका निवडलं आणि मला ते पटतं. त्याच्याच ग्रुप रेप्लिकेशनमध्ये ‘प्रायमरी’ आधीच अडकलेला होता. शिवाय साखळीतला मधला सर्व्हर वरच्याची रेप्लिका आणि खालच्याचा सोर्स, दोन्ही असतो. म्हणजे हे नाव नात्याचं आहे, मशिनचं नव्हे. होस्टनेममध्येच ‘मास्टर’ कोरून ठेवणाऱ्यांची फेलओव्हरनंतर, म्हणजे रेप्लिकाला बढती मिळाल्यावर, जी तारांबळ उडते, ती यामुळेच.

बदलाची खरी किंमत मोजली ती जुन्या स्क्रिप्टांनी. मायएसक्यूएल ८.०.२२ पासून ‘शो रेप्लिका स्टेटस’ चालू लागलं आणि त्यात ‘सेकंड्स बिहाइंड मास्टर’ या रकान्याचं ‘सेकंड्स बिहाइंड सोर्स’ झालं. नुसती आज्ञा बदलून रकान्याचं जुनंच नाव शोधत राहिलेल्या स्क्रिप्टला हाती काहीच लागत नाही, आणि रिकाम्या उत्तराला ती शून्य धरत असेल तर रेप्लिका तासभर मागे असली तरी पडद्यावर सगळं हिरवंगार. २०२४ च्या ८.४ मध्ये जुन्या आज्ञा काढूनच टाकल्या. तिथे निदान चूक तरी तोंडावर येते.