मराठी वळणाचे बोलके इंग्रजी

मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला इंग्रजी व्याकरण येत नाही, हा समज खरा नाही. कर्तरीचे कर्मणी करून दे म्हटले तर तो बिनचूक करून देतो. तोच माणूस ऑफिसच्या जिन्यात भेटलेल्या साहेबाला ‘व्हेअर यू आर गोइंग?’ विचारून मोकळा होतो. लिहिताना विचार करायला वेळ असतो, बोलताना नसतो. वेळ नसला की मन जुन्या, हाताशी असलेल्या व्यवस्थेकडे वळते.

ब्रिटिश भाषावैज्ञानिक पिट कॉर्डर यांनी 1967 सालच्या एका लेखात दोन गोष्टी वेगळ्या केल्या: घाईत जीभ घसरणे आणि नियमाने होणारी चूक. घसरण आपली आपल्याला कळते. नियमाने होणारी चूक मात्र बोलणाऱ्याला बरोबरच वाटत असते, कारण तिच्यामागे एक व्याकरण उभे असते. पुढे 1972 मध्ये लॅरी सेलिंकर यांनी या मधल्या व्याकरणाला ‘इंटरलँग्वेज’ असे नाव दिले. ते धड मातृभाषेचे नसते, धड इंग्रजीचेही नसते. मराठी माणसाच्या संभाषणातल्या बहुतेक चुका या दुसऱ्या जातीच्या आहेत. म्हणून त्या सुट्या सुट्या सुधारून भागत नाही, त्यांच्यामागचा नियम शोधावा लागतो.

प्रश्नांचेच पाहा. ‘तू जातोस’ या विधानाला शेवटी ‘का’ जोडला किंवा मध्ये ‘कुठे’ घातला की मराठीत प्रश्न तयार होतो, बाकीचे शब्द जागचे हलत नाहीत. इंग्रजीत साहाय्यक क्रियापदाला कर्त्याच्या पुढे आणावे लागते. मात्र याचे सगळे खापर मराठीवर फोडता येत नाही, कारण जन्माने इंग्रजी बोलणारी मुलेही लहानपणी काही काळ अशीच न उलटवलेली वाक्ये बोलतात. खरी गंमत पुढे आहे. उलटवायचा नियम एकदा अंगवळणी पडला की विद्यार्थी तो नको तिथेही लावतो, आणि ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ असे वाक्य जन्माला येते. म्हणून ‘व्हेअर इज ही?’ आणि ‘आय डोन्ट नो व्हेअर ही इज’ ही वाक्ये एकाच तासाला, शेजारीशेजारी म्हणवून घ्यावीत.

यापेक्षा किती तरी घातक चूक व्याकरणाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. ‘तुम्ही फाइल पाठवली नाही?’ या प्रश्नाला मराठीत ‘हो, नाही पाठवली’ असे सहज म्हणता येते. इथला ‘हो’ विचारणाऱ्याच्या म्हणण्याला दुजोरा देतो. इंग्रजीतले येस आणि नो विचारणाऱ्याकडे पाहत नाहीत, वस्तुस्थितीकडे पाहतात. ‘यू हॅव्हन्ट सेंट द फाइल?’ या प्रश्नाला नुसते ‘येस’ म्हटले, तर समोरचा गोंधळतो किंवा फाइल पाठवली असे धरून चालतो. वाक्यात एकही शब्द चुकलेला नाही आणि अर्थ मात्र उलटा पोचला. ‘डू यू माइंड?’ या प्रश्नाचीही हीच रड. उपाय साधा आहे: एका शब्दात उत्तर द्यायचे नाही. ‘नो, आय हॅव्हन्ट’ किंवा ‘येस, आय हॅव’ असे जोडीने म्हणायची सवय लावली की संशयाला जागा उरत नाही.

काळाच्या बाबतीत मराठी ‘पासून’ फार फसवा आहे. सोमवारपासून आणि पाच वर्षांपासून, दोन्हीकडे आपल्याला तो एकच चालतो. इंग्रजीत सुरुवातीच्या क्षणाला ‘सिन्स’ आणि लांबीला ‘फॉर’. शिवाय ‘काम करतोय’ या सरळ वर्तमानाच्या जागी तिथे ‘हॅव बीन वर्किंग’ लागते. म्हणून ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ या एका वाक्यात दोन चुका दडलेल्या असतात. ‘मला समजत नाहीये’वरून ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ येते आणि ‘काल पाहिलंय’वरून ‘आय हॅव सीन हिम येस्टर्डे’.

पण कोणी हाक मारली की आपण जागेवरून न उठताच ‘आलो, आलो!’ म्हणतो. त्याचे ‘आय केम, आय केम!’ मात्र सहसा कोणी करत नाही. असे का? एरिक केलरमन यांनी इंग्रजी शिकणाऱ्या डच विद्यार्थ्यांचा अभ्यास करून दाखवले की, जे आपल्या भाषेचे खास वैशिष्ट्य वाटते ते शिकणारा परभाषेत नेत नाही. जे सर्वसामान्य वाटते, तेच नेतो. म्हणजे म्हणी आणि वाक्प्रचार आपण सांभाळून वापरतो आणि घात करतात ते ‘पासून’सारखे बिनचेहऱ्याचे शब्द.

नम्रतेचा प्रश्न मला व्याकरणाहून मोठा वाटतो. मराठीत आदर क्रियापदाच्या रूपातच असतो: दे, द्या, द्याल का. त्यात ‘जरा’ किंवा ‘ना’ घातला की आज्ञेची विनंती होते. इंग्रजी ‘गिव्ह’ला तू आणि तुम्ही कळत नाही. त्यामुळे मनात ‘जरा फाइल पाठवता का’ असते आणि तोंडातून ‘सेंड मी द फाइल’ बाहेर पडते. पुढे ‘प्लीज’ चिकटवले तरी तो हुकूमच राहतो. तिथे हे काम ‘कुड यू’, ‘वुड यू’ आणि ‘आय वॉज वंडरिंग इफ’ यांसारखी भूतकाळी रूपे करतात. जेनी थॉमस यांनी 1983 मध्ये मांडलेला मुद्दा इथे लागू पडतो: व्याकरण चुकले तर ऐकणारा म्हणतो, याचे इंग्रजी कच्चे आहे, नम्रता चुकली तर म्हणतो, हा माणूसच उद्धट आहे.

‘येस्टर्डे ओन्ली’मधला ‘ओन्ली’ हा आपला ‘कालच’मधला ‘च’. इंग्रजीत तेवढ्यासाठी आवाजाचा जोर पुरतो. पण हे, ‘कझिन ब्रदर’ आणि ‘प्रीपोन’ यांच्यामागे लागण्यात अर्थ नाही. हे भारतीय इंग्रजी आहे आणि अशा इंग्रजीची स्वतंत्र व्यवस्था ब्रज काचरू यांनी साधार दाखवली आहे. अ, अॅन, द या उपपदांचाही बोलण्यात फार बाऊ करू नये. ती शिकताना शेवटी येतात आणि त्यांच्यावाचून सहसा गैरसमज होत नाही.

तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेने मराठी माणसाच्या अनेक पिढ्यांना इंग्रजी वाचायला आणि लिहायला शिकवले. ते काम मोठे आहे. मात्र संभाषणात भाषांतराला सवड नसते. राज्यात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले, तरी वर्गात बोलण्यापेक्षा लिहिणेच जास्त होत असेल तर वर्षे वाढवून तोंड उघडणार नाही. प्रश्न आणि त्याचे पूर्ण उत्तर अशा जोड्या मोठ्याने म्हणणे, मोबाइलवर आपलेच दोन मिनिटांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून त्यात फक्त एकाच जातीची चूक शोधणे, हे सराव अधिक कामाचे.

शिक्षकांना एक विनंती. मुलगी ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स’ म्हणाली तर तिला मध्येच तोडू नका. तिचे वाक्य पुरे होऊ द्या आणि मग विचारा: ‘ओह, यू हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टू इयर्स? डू यू लाइक इट?’