मोत्यांचे शेठ आणि मगनबाई



पर्युषणात सासूबाईंची मोत्याची नथ काढली, तर धाकटी विचारते, "मम्मी, शिंपल्यातला जीव मेल्याशिवाय मोती निघतो का गं?" मी गप्पच झाले. प्रतिक्रमणात आपण पंधरा कर्मादानं म्हणतो. त्यात फोडीकम्मे म्हणजे जमीन खोदून-फोडून चालणारा धंदा, म्हणजे हिऱ्याची खाणसुद्धा आली. दंतवणिज्जेत प्राण्यांच्या अंगापासून निघणाऱ्या वस्तूंचा व्यापार येतो. आणि जवेरीबाजारात तर आपलेच लोक!

मग मला शेठ माणिकचंद हिराचंद जवेरी आठवले. जन्म सुरतचा, १८५१ चा. मुंबईत आले ते आधी मोती पोवायला शिकले, मग भावांबरोबर पेढी काढली. आखातातला मोती तेव्हा मुंबईत यायचा. इथे त्याची प्रतवारी व्हायची, भोकं पाडून लडी ओवल्या जायच्या आणि माल विलायतेला जायचा. दोन मोती एकसारखे निवडायचे म्हणजे नजर लागते. आपल्याला तांदूळ निवडतानाही कंटाळा येतो! या नजरेवर त्यांनी अफाट पैसा मिळवला.

त्यांनी तो खर्च कुठे केला, ते बघा. सी. पी. टँकजवळची हिराबाग धर्मशाळा त्यांचीच. शिवाय गावोगावच्या जैन मुलांसाठी बोर्डिंग. कोल्हापूरच्या बोर्डिंगलाही त्यांचा मोठा हात लागला. त्याच बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील राहिले. पुढे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. घोडनदी-दौंडकडच्या आपल्या मुलांना रयत काय ते सांगायला नको. शेठ दिगंबर, आपण स्थानकवासी, पण इथे कुठला पंथ आडवा येतो?

मला मात्र सगळ्यात मोठी वाटते ती त्यांच्या लेकीची गोष्ट. मगनबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. त्या काळात अशा मुलीला घरातला कोपरा मिळायचा, एकादं पांढरं लुगडं आणि जपमाळ. शेठजींनी तिला शिकवायला माणसं ठेवली. संस्कृत, धर्मग्रंथ, सगळं. लोक बोललेच असतील, आजही बोलतात.

त्याच मगनबाईंनी ललिताबाई आणि सोलापूरच्या कंकुबाईंना बरोबर घेऊन श्राविकाश्रम चालवला. विधवा बायका तिथे राहायच्या, शिकायच्या आणि शिकवायलाही लागायच्या. शेठ १९१४ मध्ये गेले. मगनबाई त्यानंतर सोळा वर्षं, १९३० पर्यंत, आश्रमाचं काम बघत होत्या.

धाकटीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण शिंपल्याचं काय?"

नथ डबीत परत ठेवली आहे.