गर्भ-हिमोग्लोबिन आणि प्रौढ-हिमोग्लोबिन

गर्भ-हिमोग्लोबिन (एचबीएफ) : गर्भावस्थेच्या साधारण तिसऱ्या महिन्यापासून जन्मापर्यंत तांबड्या पेशींत प्रामुख्याने आढळणारे हिमोग्लोबिन. त्याच्या रेणूत दोन आल्फा व दोन गॅमा साखळ्या असतात. प्रौढाच्या हिमोग्लोबिनात (एचबीए) गॅमाच्या जागी बीटा येतात. गॅमा आणि बीटा दोन्ही १४६ अमिनो आम्लांच्या, पण त्यांत ३९ जागी फरक आहे. प्रौढाचे रक्त ऑक्सिजनच्या सुमारे २६-२७ मिमी (पारा) दाबाला निम्मे संपृक्त होते, गर्भाचे १९-२० मिमीलाच. त्यावरून एचबीएफला ऑक्सिजनची ओढ जात्याच जास्त असते, असे सर्रास लिहिले जाते. रक्ताबद्दल हे खरे आहे, रेणूबद्दल नाही.

तांबड्या पेशींत २,३-बायफॉस्फोग्लिसरेट (बीपीजी) हा ऋणभारित लहानसा रेणू विपुल असतो. ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनात दोन बीटा साखळ्यांमध्ये एक पोकळी उघडते. तिच्या काठाला धनभारित गट असतात. बीपीजी तिथे जाऊन बसतो आणि रेणूला त्याच ठेवणीत अडकवतो, म्हणून पुन्हा ऑक्सिजन घेणे जड जाते. हा परिणाम १९६७ साली राइनहोल्ड व रूथ बेनेश या दांपत्याने दाखवून दिला. बीटाच्या १४३व्या जागी हिस्टिडीन असते, गॅमाच्या त्याच जागी भाररहित सेरीन. साखळ्या दोन, त्यामुळे पोकळीच्या काठचे दोन धनभार नाहीसे होतात आणि बीपीजीची पकड ढिली पडते. बीपीजी काढून टाकलेल्या द्रावणात मोजले, तर दोन्ही हिमोग्लोबिनांची ओढ जवळपास सारखी भरते. एचबीएफची किंचित कमीच. थोडक्यात, आईच्या हिमोग्लोबिनावर असलेले दडपण गर्भाच्या हिमोग्लोबिनावर फारसे नाही, एवढाच हा फरक. घोडा आणि डुक्कर यांच्याकडूनही याला दुजोरा मिळतो. त्यांना वेगळे गर्भ-हिमोग्लोबिन नाहीच, पण त्यांच्या गर्भाच्या पेशींत बीपीजी कमी असतो आणि ओढ तशीच वाढते. मार्ग निराळा, रसायन तेच.

यावर पहिली शंका अशी, की ऑक्सिजन धरून ठेवणारे रक्त गर्भाच्या ऊतींना तो देणार कसे? वारेकडून गर्भाकडे येणाऱ्या नाळेतील शिरेतच ऑक्सिजनचा दाब जेमतेम ३० मिमी असतो आणि ऊतींत त्याहूनही कमी. या पट्ट्यात संपृक्ततेचा आलेख तीव्र उताराचा असल्याने दाब थोडा उतरला तरी बराच ऑक्सिजन सुटतो. दुसरी शंका अधिक वजनदार आहे. काही व्यक्तींत जन्मानंतरही एचबीएफ बंद होत नाही. ज्यांना हा गुण आई-वडील दोघांकडून मिळतो त्यांचे जवळजवळ सगळे हिमोग्लोबिन गर्भाचेच राहते. अशा स्त्रियांनाही निरोगी मुले झाली आहेत, म्हणजे आई आणि गर्भ यांच्या ओढीत तफावत नसतानाही. आरएच-विसंगतीत गर्भाला पोटातच प्रौढाचे रक्त दिले जाते, आणि तोही तगतो. तेव्हा एचबीएफवाचून गर्भ जगलाच नसता, ही पाठ्यपुस्तकी अतिशयोक्ती होय. वारेतून ऑक्सिजन ओलांडतो तो मुळात दाबातील फरकाने. शिवाय गर्भाच्या रक्तात हिमोग्लोबिनही जास्त, दर १०० मिलिलिटरला १६-१७ ग्रॅमच्या घरात. ओढीतील तफावत ही त्यावरची शिल्लक आहे. शिल्लक निरुपयोगी नसते, पण तिला पायाही म्हणता येत नाही.

उरलेल्या फरकांचे परिणाम ऑक्सिजनशी संबंधित नाहीत. एचबीएफ आम्ल-अल्कलीला सहज दाद देत नाही. १९५७ सालच्या क्लाइहाउअर-बेटके चाचणीत आम्लाने धुतलेल्या काचपट्टीवर आईच्या पेशी फिकट, रिकाम्या दिसतात आणि त्यांत मिसळलेल्या गर्भाच्या पेशी गडद गुलाबी उठून दिसतात. आरएच-निगेटिव्ह बाळंतिणीला अँटी-डीची मात्रा किती द्यायची, हे त्यावरून ठरवता येते. सिकलसेलमध्ये गॅमाची ८७वी जागा कामी येते. तिथल्या ग्लुटामिनमुळे विकृत हिमोग्लोबिनाच्या लांबच लांब दोऱ्या जुळत नाहीत. विदर्भातील आणि मध्य भारतातील रुग्णांत एचबीएफ तुलनेने जास्त टिकत असल्याने त्यांपैकी अनेकांचा आजार आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा सौम्य असतो, मात्र सर्वांचा नव्हे. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध याच एचबीएफचे प्रमाण वाढवते, आणि २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळालेली जनुकसंपादनाची उपचारपद्धती बीसीएल११ए या जनुकाचा लाल पेशींतील आवर निकामी करून गॅमा साखळी पुन्हा सुरू करते.