दुरुस्तीतून वाढलेला ऑर्गन

मराठी रसिकाला ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातला आठवतो, पायांनी भाता मारत वाजवायचा. त्यात सूर निघतो धातूच्या पट्ट्यांतून. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमधल्या ऑर्गनला मात्र सुमारे ८००० नळ्या आहेत. काही करंगळीहून बारीक, तर सर्वांत लांब ३२ फुटांच्या.

या वाद्याच्या दुरुस्तीला कुणी हात घातला की ते वाढायचंच. १७३३ मध्ये फ्रांस्वा तिएरीने पाच कळफलकांचा ऑर्गन उभारला. पन्नास वर्षांनी क्लिकोने त्यात भर घातली. क्रांतीच्या धामधुमीत फ्रान्समधले कित्येक ऑर्गन मोडीत निघाले. हा कसाबसा निभावला.

खरा कायापालट केला आरिस्तीद काव्हाये-कोल याने. ६ मार्च १८६८ रोजी त्याचा ऑर्गन वाजला तेव्हा त्यात ८६ स्टॉप होते. एक स्टॉप ओढला की एका जातीच्या नळ्यांची रांग वाजती होते. जुन्या नळ्या त्याने फेकल्या नाहीत, नव्यांच्या शेजारी बसवल्या. पण एवढ्या नळ्यांना हवा देणाऱ्या झडपा उघडायच्या तर कळा दगडासारख्या जड होणार. त्यावरचा उपाय नामी होता: कळ दाबली की आतला छोटासा भाता फुगतो आणि पुढचं ओझं तोच ओढतो. वादकाची बोटं मोकळी!

१९०० ते १९३७ या काळात या कळफलकांसमोर बसला तो जवळजवळ अंध असलेला लुई व्हिएर्न. दुरुस्तीला पैसे हवेत म्हणून तो अमेरिकेत कार्यक्रम करून आला. २ जून १९३७ रोजी मैफल चालू असतानाच, ऑर्गनवरच, त्याचा अंत झाला. पुढे वादक पिएर कोशरोच्या कारकिर्दीत वीज आली, स्टॉपही वाढले. काव्हाये-कोलचा मूळ आवाज त्या भरतीत पातळ झाला, अशी जाणकारांची तक्रार असते आणि ती अगदीच निराधार नाही. १९९२ मध्ये तर संगणकही आला.

१५ एप्रिल २०१९ च्या आगीत छप्पर जळालं, ऑर्गन मात्र जळाला नाही. पाणीही फारसं शिरलं नाही. घात केला तो छपरावरच्या शिशाने: त्याची विषारी पूड नळ्यानळ्यांत जाऊन बसली. ऑगस्ट २०२० पासून डिसेंबरपर्यंत कारागिरांनी नळ्या उतरवल्या, मग कार्यशाळांत नेऊन एकेक साफ केली. यावेळी वाढवायचं काहीच नव्हतं. होतं तेवढं जिवंत ठेवायचं होतं. सूर लावणं तर रात्रीच जमायचं, कारण दिवसभर बांधकामाचा ठणठणाट. एक जण कळफलकावर सूर धरून बसायचा, दुसरा आत चढून नळीचं तोंड किंचित वाकवायचा.

७ डिसेंबर २०२४ रोजी कॅथेड्रल पुन्हा उघडलं. आर्चबिशपांनी ऑर्गनला आठ वेळा हाक दिली आणि चार वादकांनी आळीपाळीने उत्तर वाजवलं.